आखाजी ते पोळा : नव्वद गोळ्या आणि दोन राज्ये

प्रकरणातला माणूस ३६ वर्षांचा. गाव शिरपूर तालुक्यात, काम इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत, दालमिलमध्ये पोती उचलण्याचे. मजुरी पोत्यामागे. ज्या दिवशी पाठीवर पोते नाही त्या दिवशी हातात पैसा नाही. एचआयव्हीचे निदान २०१९ चे, उपचार गावाकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी एआरटी केंद्रात (एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) सुरू झालेले. बायको आणि दोन मुले गावी. बायकोला निदान माहीत आहे, आईला नाही. इंदुरात किरायाची खोली, तीत चौघे. बाकीचे तिघे त्याच तालुक्यातले, त्यातला एक तर भावकीतला.

संक्रांतीच्या सुमारास तो इंदूरच्या सरकारी रुग्णालयात पोहोचला तेव्हा वजन ४७ किलो होते. दीड महिन्याचा खोकला, संध्याकाळी ताप, रात्री अंगरखा भिजेल इतका घाम. एआरटीच्या गोळ्या बंद होऊन पावणेपाच महिने झाले होते, पण हे त्याने पहिल्या दिवशी सांगितले नाही.

हे एका माणसाचे चरित्र नाही. बिजासन घाट चढून खानदेशातून इंदूर-पीथमपूरकडे कामाला येणाऱ्यांची उपचाराची वाट जिथे जिथे तुटते, ते तुटण्याचे ठिकाण एका प्रकरणात दिसावे म्हणून ते रचले आहे. केंद्रांची नावे म्हणूनच दिलेली नाहीत. नियम, मात्रा आणि तपासण्या मात्र एचआयव्ही आणि क्षयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतल्या आहेत.

गोळ्या कधी संपल्या

समुपदेशकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : औषध कोणत्या तारखेला संपले? या प्रश्नाला स्थलांतरित मजुराकडून खरे उत्तर क्वचितच मिळते. तो खोटे बोलत नाही, तारखेने जगत नाही एवढेच. "पोळ्याला संपल्या," असे तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात सगळा हिशेब होता.

गोळ्या घेतल्या होत्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीइतकीच मोठी. लेकी माहेरी येतात, बाहेरगावी गेलेला माणूस घरी येतो, मुकादमही त्या आठवड्यात सुट्टीला फार खळखळ करत नाही. त्या भेटीत त्याला केंद्रातून ३ महिन्यांचे औषध मिळाले : ३० गोळ्यांच्या ३ डब्या, रोज १ गोळी. अधिक मास नसेल त्या वर्षी आखाजी ते पोळा साधारण ११४ दिवस भरतात. गोळ्या ९०, दिवस ११४. २४ दिवस गोळी पोटात गेलीच नव्हती, म्हणजे दर पाच दिवसांत जवळजवळ एक दिवस कोरडा. टक्केवारी काढली तर ७९. कार्यक्रमाची अपेक्षा ९५ ची असते. त्याला स्वतःला मात्र गोळ्या जास्त दिवस पुरल्या याचे थोडे समाधानच होते.

म्हणून "औषध कधी बंद झाले" याचे उत्तर पोळा हे अर्धेच. ते आधीपासून फाटत आले होते. कारण विचारले तर दोन निघाली. पहिले जुने. २०१९ मध्ये त्याला मिळालेल्या गोळीत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिनबरोबर एफाव्हिरेन्झ होते. ते रात्री झोपताना घ्यायचे, आणि घेतल्यावर डोके गरगरते, भलतीसलती स्वप्ने पडतात. शहरात दिवसा ट्रकला बंदी असल्याने मालाची चढउतार रात्रीची. अशा माणसाने झोपताना घ्यायची गोळी कामावर जाताना घेतली तर ५० किलोचे पोते घेऊन फळीवरून चालणे धोक्याचे. त्याने रात्रपाळीला गोळी टाळण्याची सवय लावून घेतली. पुढे औषध बदलले, एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले, गरगरणे गेले. सवय राहिली. औषध बदलताना "आता कोणत्याही ठरलेल्या वेळी घेतली तरी चालते, जेवणाआधी किंवा नंतर" हे एक वाक्य त्याला कोणी सांगितले असते तर बराच फरक पडला असता. कदाचित सांगितलेही असेल, रांगेत ४० माणसे असताना.

दुसरे कारण डबीचा आवाज. प्लास्टिकच्या डबीत ३० गोळ्या वाजतात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत चौघांपैकी कोणीही विचारतो, "दादा, कशाच्या गोळ्या?" लेबल फाडून टाकलेली डबी तर जास्तच प्रश्न ओढवते.

पोळ्यानंतर दिवाळी दोन महिन्यांवर होती. तेव्हा गावी जाणारच आहोत, तेव्हा घेऊ, असा त्याने विचार केला. धनत्रयोदशीच्या रात्री घरी पोहोचला, भाऊबीजेनंतर परतला. मधल्या दिवसांत केंद्र सणांमुळे बंद. एक दिवस उघडे होते. त्या दिवशी तो पोरांना कपडे घ्यायला शिरपूरला गेला होता. जिल्ह्याचे ठिकाण तिथून पन्नासेक किलोमीटर पुढे. पंचांग आणि केंद्राच्या सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून पाहिली तर हे टाळता येण्यासारखे होते. सणाच्या भेटीवर औषधाची भिस्त ठेवणे म्हणजे दुकान बंद असताना बाजाराला जाणे.

इकडे केंद्राच्या नोंदीत तो आधी "चुकलेला" आणि मग "पाठपुराव्यातून गळालेला" झाला. त्याला फोन केले गेले. पण इंदुरात आल्यावर त्याने स्वस्त रिचार्जसाठी दुसरे सिम घेतले होते. गावाकडच्या नंबरावर फोन लागला तेव्हा तो आईने उचलला. फोन करणाऱ्याने नियमाप्रमाणे कशासाठी ते सांगितले नाही, "दवाखान्यातून बोलतोय" एवढेच म्हटले. आईने "तो बाहेरगावी आहे" म्हणून ठेवून दिला. गोपनीयता पाळली गेली आणि माणूस हरवला. यात चूक कोणाचीच नाही. नोंदणीच्या वेळी "बाहेर कामाला जाता का, कुठे, तिकडचा नंबर कोणाचा, आणि फोनवर आमचे नाव काय सांगायचे" हे चार प्रश्न विचारले नव्हते, खोट तिथे आहे.

गल्लीतला डॉक्टर

खोकला मार्गशीर्षात सुरू झाला. दीड महिन्यात त्याने वसाहतीजवळच्या खासगी दवाखान्याच्या तीन फेऱ्या केल्या. एचआयव्हीचे सांगितले नाही, कारण तोच डॉक्टर खोलीतल्या सगळ्यांचा. मिळाले ते : खोकल्याचे पातळ औषध, "ताकदीच्या गोळ्या", पित्ताचे औषध, आणि दोनदा लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक.

लेव्होफ्लॉक्सासिन इथे नेमके घातक. हे औषध क्षयाच्या जंतूवरही थोडे चालते. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, पेशंटला वाटते लागू पडले, कोर्स संपला की दहा दिवसांत ताप परत. दरम्यान थुंकीतले जंतू कमी झाल्याने तपासणीत क्षय सुटून जाऊ शकतो, आणि जंतू त्या औषधाला सरावण्याचा धोका वेगळाच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाला थुंकी तपासल्याशिवाय या गटातले प्रतिजैविक देऊ नये, हे पुस्तकात असते. गल्लीत मात्र रोजी बुडू नये म्हणून पेशंटही "जोरदार काहीतरी द्या" असेच म्हणतो.

तिसऱ्या फेरीत रक्ततपासणी झाली. प्रयोगशाळेने एचआयव्हीचा अहवाल पाकिटात घालून दिला, समुपदेशन शून्य. तो पाकीट घेऊन सरकारी रुग्णालयात गेला, आणि तिथल्या खिडकीवर त्याने स्वतःला नवा पेशंट म्हणून नोंदवले.

नवा पेशंट

ही या प्रकरणाची मधली कडी आहे. आधी उपचार घेतलेला माणूस स्वतःला नवा का म्हणवतो? त्याच्या बाजूने कारणे अगदी सरळ आहेत. गोळ्या सोडल्याबद्दल बोलणी खावी लागतील. "तुमचे केंद्र महाराष्ट्रातले, तिकडे जा" म्हणतील. तिसरे, आणि हे फार लोकांच्या मनात असते : गावाकडे संजय गांधी निराधार योजनेसाठी कागद जमवणे सुरू होते, नाव इकडे आले तर ते बुडेल.

पण नवी नोंद केली की डॉक्टरसमोर कोरी पाटी येते. एफाव्हिरेन्झ अनेक महिने अधूनमधून घेतले होते हे कळत नाही. त्याचे महत्त्व असे की तिन्ही औषधे एकाच दिवशी थांबवली तरी एफाव्हिरेन्झ रक्तात बरेच दिवस रेंगाळते, बाकीची दोन लवकर जातात. त्या मधल्या दिवसांत विषाणूसमोर एकटे एक औषध उरते आणि तो त्याला दाद देईनासा होतो. डोल्युटेग्राव्हिरच्या बाबतीत हा धोका पुष्कळ कमी आहे, तरी आधीच्या औषधांची यादी हातात असणे पुढे व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचा आकडा) वाढला तर निर्णायक ठरते. शिवाय एका माणसाच्या दोन राज्यांत दोन नोंदी होतात : एका रजिस्टरात तो गळालेला, दुसऱ्यात नवा बाधित. आकडे दोन्हीकडे चुकतात.

समुपदेशकाने "आधी गोळ्या घेतल्यात का?" असे विचारले होते. उत्तर "नाही" आले. दुसऱ्या भेटीत तिने टेबलावर दोन रिकाम्या डब्या ठेवल्या, जुन्या आणि नव्या औषधाची, आणि सहज विचारले, "भैया, यातली कोणती पाहिलेली आहे?" त्याने बोट ठेवले. मग थांबून दुसरीवरही ठेवले. आरोपाचा सूर नसलेला प्रश्न आणि हाताने द्यायचे उत्तर, ही जोडी तोंडी चौकशीपेक्षा जास्त वेळा चालते. भाषेचीही अडचण थोडी होती. समुपदेशक हिंदी बोलणारी, हा घरात अहिराणी बोलणारा. इंदुरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, रुग्णालयात मराठी जाणणारा कोणी ना कोणी सापडतो; पण दुभाषा आणायचा तर पेशंटला विचारूनच. ओळखीचा मराठी वॉर्डबॉय हाच कदाचित त्याच्या खोलीतल्या कोणाचा तरी मित्र असतो.

कागद हलवणे

एआरटीचे औषध सगळ्या देशात एकाच राष्ट्रीय कार्यक्रमातून येते, फुकट, एप्रिल २००४ पासून. तेव्हा राज्याची सीमा औषधाला लागू नाही. मग अडते कुठे? केंद्राची मागणी आणि साठा तिथे नोंदलेल्या पेशंटांच्या संख्येवर ठरतो. नोंद नसलेल्या माणसाला तीन महिन्यांचे दिले की दुसऱ्याच्या वाट्याचे गेले, असा फार्मासिस्टचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही.

त्यावर दोन वाटा आहेत. थोड्या दिवसांसाठी आलेल्याला प्रवासातला पेशंट म्हणून हिरवे पुस्तक (पेशंटजवळ राहणारी उपचाराची नोंदवही) पाहून थोडे औषध देता येते. नोंद जुन्याच केंद्रात राहते. कायम किंवा मोठ्या मुदतीसाठी आलेल्याची नोंदच हलवतात. हंगामी मजूर या दोन्हींच्या मधोमध बसतो, म्हणून त्याच्याबाबत प्रत्येक केंद्र वेगळे ठरवते. अंदाज सोपा ठेवावा : वर्षातले सहा महिन्यांहून जास्त दिवस जिथे काढतो तिथे नोंद. या माणसाचे वर्षातले अकरा महिने इंदुरात जात होते. नोंद गावाकडे असण्याचे कारण फक्त एवढेच की निदान तिकडे झाले.

हस्तांतरणाच्या कागदावर असायला हवे ते : जुना एआरटी क्रमांक, उपचार सुरू झाल्याची तारीख, आजवर दिलेली प्रत्येक औषधजोडी आणि बदलाचे कारण, पहिला आणि शेवटचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा), शेवटचा व्हायरल लोड तारखेसह, क्षयाचा इतिहास, हिपॅटायटिस बीची तपासणी, क्रिएटिनिन, आणि शेवटचे औषध किती व कोणत्या दिवशी दिले. सर्वांत जास्त वेळा गाळलेला रकाना शेवटचा. तो नसेल तर पोळ्याचा हिशेब करता येत नाही.

हिरवे पुस्तक त्याच्याकडे नव्हते. ते गावी, बायकोच्या लुगड्यांखाली पेटीत. बायकोकडे साधा फोन. पानांचे फोटो काढायचे तर पुतण्याचा मोबाइल घ्यावा लागला असता, आणि मग ती गोष्ट घरात राहिली नसती. त्यामुळे पेशंटची लेखी संमती घेऊन इंदूरच्या केंद्राने जुन्या केंद्राला थेट फोन केला. "सोच" या राष्ट्रीय संगणक प्रणालीत नोंद एका केंद्रातून दुसरीकडे वळवता येते, पण त्यासाठी जुन्या केंद्राने आधी सोडावी लागते आणि नव्याने स्वीकारावी लागते. हस्तांतरणे मरतात ती या दोन क्लिकच्या मधे. जुने केंद्र "पाठवला" म्हणून सुटते, नवे "आलाच नाही" म्हणून, आणि माणूस कोणाच्याच यादीत नसतो. इथे नवी नोंद रद्द करून जुनी स्वीकारायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत औषध थांबवण्याची गरज नसते. कागद मागून येऊ शकतो. पत्त्याचा पुरावाही मागतात तो माणूस शोधता यावा म्हणून; मुकादमाकडे नोंदलेला पत्ता आणि दोन चालू नंबर हे त्यासाठी गावाच्या आधार कार्डापेक्षा जास्त कामाचे. त्याचे कार्ड शिरपूरचे होते हे त्यामुळे आड आले नाही.

हस्तांतरणाने गावाकडची योजना आपोआप बुडत नाही, हे त्याला दोनदा सांगावे लागले. अर्जासाठी लागणारा दाखला उपचार चालू असलेल्या केंद्राकडून घेता येतो. रहिवासाचा पुरावा वेगळा कागद आहे.

एक बारीक गोष्ट. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, म्हणून गावाकडच्या पुस्तकातले शेरे इंदुरात वाचता येतात. हाच माणूस तापी ओलांडून सुरत-वडोदऱ्याला गेला असता तर गुजराती लिपीतल्या नोंदी घेऊन परतला असता. औषधांची नावे रोमनमध्ये आणि तारखा आकड्यांत लिहिण्याचा आग्रह धरावा तो त्यासाठी.

क्षय आणि एचआयव्ही, कोणाला आधी

थुंकीच्या ट्रूनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले, रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देणारे. सीडी४ १३८. डोकेदुखी, मान ताठ होणे, दोन-दोन दिसणे यांची मुद्दाम विचारपूस झाली, कारण मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर एआरटी लांबवतात. तसे काही नव्हते. सीडी४ फारच खाली असेल तर क्रिप्टोकॉकस या बुरशीची रक्तचाचणीही लागते.

क्रम असा : क्षयाचे औषध आधी, लगेच. एआरटी दोन आठवड्यांच्या आत. ३५ ते ४९ किलोच्या गटात प्रौढांना चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज ३. पहिले २ महिने, मग तीन औषधांच्या ४ महिने. वजन वाढून ५० च्या वर गेले की ४ गोळ्या, म्हणून दर भेटीत वजन करणे हे काही शिष्टाचाराचे काम नव्हे. एचआयव्ही असलेल्यांना क्षयाचे औषधही एआरटी केंद्रातूनच मिळते, दोन रांगा लागत नाहीत.

आता खरी मेख. रिफॅम्पिसिन यकृताकडून डोल्युटेग्राव्हिर झपाट्याने जाळून टाकते. त्यामुळे नेहमीची एकत्रित गोळी (टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम) रोज एक घेऊन भागत नाही; तिच्यानंतर १२ तासांनी डोल्युटेग्राव्हिर ५० ची सुटी गोळी लागते. ती क्षयाचे औषध संपल्यावरही आणखी २ आठवडे. दुसऱ्या राज्यात क्षयाचे औषध घेणारा आणि एआरटी तिसरीकडून आणणारा माणूस हमखास या सुट्या गोळीशिवाय राहतो, कारण एकाला दुसऱ्याचे माहीत नसते.

ताकदीच्या गोळ्या आणि पित्ताचे औषध इथे परत आडवे येतात. लोह, कॅल्शियम, जस्त, मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असलेले काहीही डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच बांधून टाकते. एआरटीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. त्याला सोपे करून सांगितले : मेडिकलवरून स्वतःच्या मनाने ताकदीची गोळी आणायची नाही, पित्त झाले तर आधी इथे विचारायचे.

बाकी, इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोलची दुप्पट शक्तीची गोळी रोज १, आणि आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिन. हिपॅटायटिस बी नव्हता. असता तर औषध मधेच सोडण्याची किंमत आणखी मोठी, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात. एकाएकी बंद केल्यास यकृताला सूज चढू शकते.

एआरटी पुन्हा सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताप परत आला आणि मानेत गाठ आली. खोलीतल्यांनी सांगितले, औषध सोसत नाही, गावी जा. ही वेळ सर्वांत नाजूक. प्रतिकारशक्ती जागी होते तेव्हा ती आधीच शरीरात असलेल्या जंतूंवर तुटून पडते आणि लक्षणे काही दिवस उफाळतात. डॉक्टरने तपासून औषधे तशीच चालू ठेवली. असे होऊ शकते हे पहिल्याच दिवशी सांगितलेले होते, नुसते तोंडी नव्हे, पुस्तकाच्या मागे "ताप वा गाठ आल्यास गावी न जाता इथे या" असे लिहून. तेवढ्याने तो थांबला.

सात गोळ्यांचे वेळापत्रक

रात्री ८ ला काम सुरू, सकाळी ६ ला संपते. सकाळी ७ ला खोलीवर परतल्यावर उपाशीपोटी क्षयाच्या ३, मग तासाभराने खाऊन पायरिडॉक्सिन आणि कोट्रायमॉक्साझोल. संध्याकाळी ७ ला कामावर निघण्यापूर्वी एआरटीची एकत्रित गोळी. सुटी डोल्युटेग्राव्हिर सकाळी ७ च्या घोळक्यात. बारा तासांचे अंतर जमले, आणि मिलवर डबी न्यायची गरज उरली नाही. गोळी विसरलीच तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चारेक तासच उरले असतील तर सोडून द्यायची, दोन एकदम नाही.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात गोळ्या कुठे ठेवायच्या? डबी ३० अंशांच्या खाली राहावी अशी अपेक्षा असते, वैशाखात पत्र्याखाली ती पाळली जात नाही. माठाच्या मागच्या भिंतीशी, जमिनीजवळ, पण ओल लागणार नाही असे. डबीतली ओल शोषणारी पुडी काढून फेकायची नाही. आवाज बंद करायला डबीत कापूस भरता येतो. गोळ्या कागदी पुडीत काढून ठेवणे हा मात्र वाईट उपाय.

खोलीतल्यांपुढे क्षय लपवता आला नाही, लपवूही नये. तिघांचीही तपासणी व्हायला हवी होती. ती क्षय विभागाच्या आरोग्य कार्यकर्त्याकडून, नेहमीच्या संपर्क-तपासणीसारखी झाली. एआरटीचा उल्लेख नाही. भावकीतल्याने आधी खोली सोडायला सांगितले. औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो हे कार्यकर्त्याने समजावले, तेव्हा खिडकीजवळची जागा देऊन प्रकरण मिटले. निक्षय पोषण या क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी मदतीचे महिना १००० रुपये त्याच्या गावच्या खात्यात जायचे होते. खाते आधारला जोडलेले नसल्याने पहिला हप्ता अडकला. ते काम आखाजीवर गेले.

मुकादमाला दिलेल्या दाखल्यात "उपचार चालू, ३ आठवडे जड काम नको" एवढेच लिहिले. आजाराचे नाव देण्याची गरज नसते. एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ चा; १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणे, कामासाठी ही तपासणी सक्तीची करणे, संमतीशिवाय निदान सांगणे, हे सगळे त्यात निषिद्ध आहे. पोत्यामागे मजुरी घेणाऱ्याला मात्र काढावे लागतच नाही, उद्यापासून बोलावले नाही की झाले. म्हणून दाखल्यातला शब्द जपणे कायद्याच्या कलमापेक्षा कामाचे.

गावाकडे

२०१९ मध्ये बायकोची तपासणी निगेटिव्ह आली होती, त्यानंतर पुन्हा झालीच नव्हती. औषध नीट चालू असून व्हायरल लोड दबलेला असेल तर शारीरिक संबंधातून संसर्ग जात नाही. दिवाळीत ती स्थिती नव्हती. गोळ्या बंद होऊन दोन महिने झाले होते आणि कंडोम वापरला नव्हता. हे त्यानेच तिला फोनवर सांगितले, समुपदेशकासमोर बसून. ती जवळच्या तपासणी केंद्रात एकटी जाऊन आली. निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. तिचा अहवाल तिचा आहे. तो इंदूरच्या केंद्राला आपोआप मिळत नाही आणि मिळूही नये, तिने स्वतः कळवला.

आखाजीला तो गावी जाणार हे गृहीत धरून वेळापत्रक आखले आहे. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात इंदुरातूनच औषध घ्यायचे : क्षयाचे, एआरटीचे आणि सुटी गोळी, परतीच्या तारखेच्या १५ दिवस पुढपर्यंत पुरेल एवढे. गावी अडकला तर जुन्या केंद्रात प्रवासातला पेशंट म्हणून हिरवे पुस्तक दाखवायचे. पुस्तक आता त्याच्याजवळ आहे, बायकोने बसच्या कंडक्टरकडे न देता एका नातेवाईक बाईबरोबर, शिवलेल्या पिशवीतून पाठवले. औषध स्थिर झाल्यावर तीन-तीन महिन्यांचे घेतले तर वर्षाला ४ अर्धे दिवस बुडतील. गावाकडची नोंद ठेवून दर महिन्याला गेला असता तर जाण्यायेण्याचे दोन दिवस धरून २४ बुडाले असते. कुठे काही अडले तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक पुस्तकाच्या आतल्या बाजूला लिहिलेला आहे, बाहेर नाही.

पुढचा अवघड महिना आखाजीचा नाही, आषाढाचा. तेव्हा क्षयाचे सहा महिने संपतील. त्यानंतर सुटी गोळी आणखी दोन आठवडे, आणि त्याच सुमारास पुन्हा सुरू केलेल्या एआरटीचा पहिला व्हायरल लोड. १००० च्या वर आला तर औषध लगेच बदलायचे नाही, तीन महिने गोळ्यांच्या नियमिततेवर काम करून परत तपासायचा. पण त्याची खरी काळजी वेगळी आहे. आजवर एआरटीच्या गोळ्या क्षयाच्या गोळ्यांच्या आडोशाने खपून गेल्या. खोलीत कोणी विचारत नाही. सातव्या महिन्यात आडोसा जातो आणि संध्याकाळी ७ ची एक गोळी उरते. "बीपीची म्हणतो," असे त्याने स्वतःच सुचवले. समुपदेशकाने हो-नाही केले नाही. फक्त विचारले की खोलीत दुसऱ्या कोणाला बीपी आहे का, कारण मग तो डबी मागेल. भावकीतल्याला आहे. मग शुगरची, असे ठरले, आणि चहात साखर कमी घालण्याची सवय आत्तापासून लावायची.